केंब्रिज बघायला निघालात? आधी पेठेतला वाडा आठवा

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेली मंडळी एक दिवस काढून केंब्रिजला येतात. मी त्यांना स्टेशनवर घ्यायला जाते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातलं युनिव्हर्सिटी नेमकं कुठे?" पुण्यात विद्यापीठ म्हटलं की गणेशखिंडीतलं फाटक डोळ्यांसमोर येतं. इथे तसं फाटकच नाही. १२०९ साली ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी बिनसलं म्हणून तिथून निघालेल्या काही विद्वानांनी इथे बस्तान बसवलं आणि पुढच्या आठशे वर्षांत गावभर एकेक कॉलेज उभं राहत गेलं. आज ती ३१ आहेत. मधूनमधून चर्च, बाजार, सायकलवाल्याचं दुकान, पब. हे सगळं मिळून युनिव्हर्सिटी.

हे गाव कळायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पेठेतल्या वाड्याचा. रस्त्यावरून नुसती भिंत दिसते. मग एक भलामोठा दरवाजा, त्या दरवाज्यात छोटी दिंडी, आत शिरताच देवडी आणि देवडी ओलांडली की उजेडाचा चौक. एका चौकातून दुसऱ्या चौकात, तिथून मागच्या अंगाला. केंब्रिजचं जुनं कॉलेज अगदी अस्संच असतं. चौकाला इथे कोर्ट म्हणतात. देवडीवर पोर्टर बसतो. हा पोर्टर सामान उचलणारा हमाल नव्हे, तो वाड्याचा कारभारी. आत जायचं की नाही हे तो ठरवतो. त्याला हसून 'गुड मॉर्निंग' म्हणा, मगच विचारा. आणि चौकातल्या हिरवळीवर पाय ठेवू नका. ती सहसा फक्त कॉलेजच्या फेलोंसाठी, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ अध्यापक-सदस्यांसाठी असते. आमच्या एका काकांनी फोटोसाठी दोन पावलं टाकली आणि अख्खा चौक ऐकेल अशी हाक ऐकली.

१. तारीख ठरवा, तीही जपून

मी पहिल्यांदा इथे आले ती मे महिन्यातल्या एका सोमवारी. याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा काळ असतो आणि बरीच कॉलेजं बाहेरच्यांना दारं बंद करतात. सोमवारी फिट्झविलियमसारखं मोठं संग्रहालयही बंद. त्या दिवशी मी दरवाजे पाहिले, नुसते दरवाजे.

जुलै-ऑगस्टमध्ये दारं उघडी असतात, पण गर्दी गणपतीतल्या लक्ष्मी रस्त्यासारखी. शिवाय सत्र संपलेलं असल्याने कॉलेजांमधलं गायन बहुतेक बंद. म्हणून मी पाहुण्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते मार्चचा मध्य सुचवते, मंगळवार ते शुक्रवार. नोव्हेंबरात चारलाच अंधारतं, तेवढं धरून चाला. पावसाचा बाऊ करू नका; इंग्लंडच्या मानाने हा भाग कोरडा आहे. वारा मात्र बोचरा, कानटोपी हवीच.

निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक ठिकाणाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघा. लग्न, पदवीदान, कुठलीतरी बैठक, कशासाठीही दार बंद होऊ शकतं.

२. पोचणं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडी साधारण पन्नास मिनिटांत पोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, पण त्यांना वेळ जास्त लागतो. 'केंब्रिज' असंच नाव असलेल्या स्टेशनवर उतरा. 'केंब्रिज नॉर्थ' वेगळं आहे, तिथे उतरलात तर गाव लांब पडेल. आठवड्याच्या दिवशी सकाळची कामावर जायची गर्दी ओसरली की तिकीट स्वस्त होतं. तिघं किंवा जास्त असाल तर तिकीट काढताना 'ग्रुपसेव्ह' विचारा, एक तृतीयांश पैसे वाचतात. चौघांच्या घराला ही रक्कम लहान नाही.

स्टेशन गावाबाहेर, सुमारे दोन किलोमीटरवर. गुडघे दुखत असतील तर बस घ्या आणि चालणं गावासाठी राखून ठेवा, कारण पुढे दिवसभर चालायचंच आहे. पायात मळलेले, सवयीचे बूट हवेत. गल्ल्यांमध्ये गोटे बसवलेली फरसबंदी आहे. रस्ता ओलांडताना सायकली बघा. त्या आवाज न करता येतात आणि थांबत नाहीत.

३. तिकीट न काढता पहिला तास

सुरुवात बेनेट स्ट्रीटवरून करा. सेंट बेनेट चर्चचा मनोरा हजार वर्षांच्या आसपासचा, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या आधीचा. दिसायला अगदी साधा, ओबडधोबड दगडांचा. पुढे दिवसभर जी नक्षी बघायची आहे तिच्या आधी हा साधेपणा डोळ्यांखालून गेलेला बरा.

त्याच रस्त्याच्या टोकाला कोपऱ्यावर काचेमागे एक सोनेरी तबकडी आणि तिच्यावर बसलेला अक्राळविक्राळ नाकतोडा दिसेल. हे कॉर्पस क्लॉक, २००८ सालचं. काटे नाहीत, फटींतून निळा उजेड सरकतो. वरचा किडा जबडा उघडून मिनिटं खातो. हे घड्याळ दर पाच मिनिटांनीच बरोबर वेळ दाखवतं, एरवी मुद्दाम अडखळतं, मागे पडतं, मग धावतं. ते बनवून घेणारे जॉन टेलर म्हणजे विजेच्या किटलीत पाणी उकळलं की आपोआप बंद होणाऱ्या खटक्याचे जनक. तुमच्या हॉटेलच्या खोलीतही बहुधा त्यांचीच करामत असेल.

घड्याळासमोरच ईगल नावाचा पब आहे. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी दुपारी क्रिक आणि वॉटसन यांनी डीएनएची रचना उलगडल्याचं इथेच जाहीर केलं. दारू घेत नसाल तरी हरकत नाही, कॉफी मागा आणि मागच्या खोलीचं छत बघा: दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्त्या आणि लायटरच्या धुराने त्यावर नावं उमटवली आहेत.

मागच्या फ्री स्कूल लेनमध्ये जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा. जे. जे. थॉमसन यांना १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडला तो इथे. विज्ञान शिकलेल्या माणसाला या अरुंद बोळात पाच मिनिटं एकटं सोडा. आवाराच्या आत वळलात तर एका विटांच्या भिंतीवर कोरलेली मगर सापडेल. रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा आपल्या गुरूला, रदरफर्डला, मगर म्हणत. १९३३ साली त्यांनी एरिक गिलकडून ती कोरून घेतली.

आता किंग्ज परेडवर या. डावीकडे किंग्ज कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, पण तिथे नंतर. पुढे पांढऱ्या दगडाची, खांबांची इमारत दिसते ते सेनेट हाउस, १७३० साली पुरं झालेलं. फाटकातूनच बघायला मिळतं, पण मराठी माणसाने इथे थांबावंच. आपण 'रँग्लर परांजपे' म्हणतो, पण रँग्लर म्हणजे काय हे विचारलं तर पुष्कळांची दांडी उडते. इथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, कारण एके काळी परीक्षा तोंडी वादातूनच होत असे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिले, दुसऱ्या एकाच्या बरोबरीने. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्या काळी क्रमवार यादी या सेनेट हाउसमध्ये वाचली जाई. आणि यादीत शेवटून पहिला येणाऱ्यासाठी त्याचे मित्र गॅलरीतून दोरीने एक अवाढव्य लाकडी चमचा खाली सोडत! १९०९ नंतर क्रम जाहीर करणं बंद झालं आणि चमचाही गेला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. १८९० साली फिलिपा फॉसेट हिला सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण पडले होते. तिचं नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचलं गेलं, पण तो किताब तिला मिळाला नाही, कारण स्त्रियांना क्रमच नव्हता. पदवी मिळायला तर १९४८ उजाडलं.

शेजारच्या सेनेट हाउस पॅसेजमध्ये शिरा. उजवीकडे सूर्यघड्याळं बसवलेलं एक छोटं, जरा विचित्र प्रवेशद्वार आहे, १५७५ सालचं. हे गेट ऑफ ऑनर. हे गॉनव्हिल अँड कीज कॉलेजचं दार. या कॉलेजची नव्याने स्थापना करणाऱ्या डॉक्टर जॉन कीज यांनी नम्रता, सद्गुण आणि सन्मान अशी तीन दारं बांधायचं ठरवलं; विद्यार्थ्याने पहिल्यातून यायचं, दुसऱ्यातून वावरायचं आणि पदवी घ्यायला तिसऱ्यातून सेनेट हाउसकडे जायचं. अजूनही जातात. स्पेलिंग वाचून तुम्ही 'कायस' म्हणाल, पण उच्चार 'कीज'. तसंच 'मॅग्डलीन' वाटतं ते 'मॉडलिन'. रस्ता विचारायच्या आधी एवढे दोन उच्चार घोटून ठेवा.

४. पैसे एकाच ठिकाणी खर्च करा: किंग्ज

कॉलेजांची तिकिटं स्वस्त नाहीत. चार ठिकाणी धावत जाण्यापेक्षा एका ठिकाणी निवांत बसा, आणि एकच निवडायचं तर किंग्ज कॉलेजचं चॅपल. तिकीट आधी ऑनलाइन काढा.

लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून भिंतीचा दगड बघा: खाली पांढुरका, वर वेगळ्या रंगाचा. सहावा हेन्री याने १४४६ साली पायाभरणी केली, मग गादीसाठी लढाया झाल्या, पैसा आटला, काम रखडलं. नंतर दुसऱ्या खाणीचा दगड आला. रखडलेल्या बांधकामाची ही खूण पाचशे वर्षं भिंतीवर आहे.

आता आत चला आणि मान वर करा. ८८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, २४ मीटर उंच असा एकच दालनवजा पोकळ अवकाश आणि मधे एकही खांब नाही. छत दगडाचं आहे हे स्वतःला दोनदा सांगावं लागतं. माडाच्या झावळ्या दोन्ही बाजूंनी वाकून वर एकमेकींत गुंफाव्यात तसं ते दिसतं. या प्रकाराला फॅन व्हॉल्ट म्हणतात आणि जगातलं सर्वांत मोठं फॅन व्हॉल्ट हेच. जॉन वॅस्टेल या गवंड्याने ते १५१२ ते १५१५ या अवघ्या तीन वर्षांत चढवलं. भार कुठे गेला? बाहेर जाऊन बघा: भिंतींना टेकून उभे असलेले जाडजूड दगडी धिरे तो पेलतात. म्हणूनच मधल्या भिंती जवळजवळ सगळ्या काचेच्या करता आल्या.

मधोमध लाकडाचा काळसर पडदा आहे, त्यावर ऑर्गन. त्या कोरीवकामात एच आणि ए ही अक्षरं गुंफलेली शोधा. आठवा हेन्री आणि ॲन बोलिन. १५३६ साली त्याने तिचा शिरच्छेद करवला, अक्षरं मात्र राहिली. मुलांना हे काम द्या, ती तुमच्या आधी शोधतात. पलीकडच्या टोकाला रुबेन्सचं १६३४ सालचं चित्र आहे. मला ते या इमारतीत जरा उपरं वाटतं, पण ते माझं मत.

जयंत नारळीकर १९६३ पासून काही वर्षं याच कॉलेजचे फेलो होते. त्यांची आणि फ्रेड हॉईल यांची खगोलशास्त्राची संस्था मात्र गावाच्या पश्चिमेला मॅडिंग्ली रोडवर आहे. एका दिवसाच्या फेरीत ती बसत नाही.

५. वेळ उरला तर दुसरा वाडा

ट्रिनिटीच्या दरवाजावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या उजव्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय दिसेल; कुणा खट्याळाने बदलला, तो बदललेलाच राहिला. दाराच्या उजवीकडचं सफरचंदाचं झाड न्यूटनच्या गावच्या झाडाच्या वंशातलं म्हणून १९५४ साली लावलेलं. श्रीनिवास रामानुजन १९१४ साली आले ते या कॉलेजात. मागच्या अंगाला नदीकाठी ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं, १६९५ साली पुरं झालेलं ग्रंथालय आहे. रामानुजन यांची हरवलेली वही म्हणून जी पानं ओळखली जातात ती १९७६ साली इथल्याच कागदांत सापडली. बाहेरच्यांसाठी हे ग्रंथालय ठरावीक वेळीच उघडतं, तेव्हा ती वेळ गाठायची तर आधी चौकशी करून या.

शेजारचं सेंट जॉन्स हे परांजप्यांचं कॉलेज. इथे वाड्याची उपमा पुरती पटते: पहिला चौक, दुसरा चौक, तिसरा चौक अशीच नावं आहेत. एकेक चौक ओलांडत नदीवरच्या १८३१ सालच्या झाकलेल्या पुलापर्यंत जायचं. मला ट्रिनिटीपेक्षा सेंट जॉन्स आवडतं, गर्दी कमी म्हणून.

६. डबा कुठे उघडायचा

पोळीभाजी आणली असेल तर कॉलेजच्या चौकात उघडू नका. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलापाशी या. पुलावरून क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल फुकटात दिसतो. न्यूटनने तो एकही खिळा न वापरता बांधला असं नावाडी सांगतील. पूल १७४९ सालचा, न्यूटन १७२७ सालीच वारले. आजचा सांगाडा १९०५ साली पुन्हा उभारलेला, सागवानी. हसून सोडून द्या.

पुलापासून जवळच लाँड्रेस ग्रीन आणि कोफेन ही मोकळी कुरणं आहेत. तिथे बसायला कुणी हटकत नाही. उन्हाळ्यात गायी चरत असतात, त्या डब्यात तोंड घालणार नाहीत याची काळजी घ्या. नावेत बसायचं तर तिकीट ऑनलाइन काढा. रस्त्यावर गाठणारे विक्रेते पहिला भाव चढा सांगतात. नावाडी असलेली नाव घ्या. स्वतः बांबू मारायला गेलात तर बांबू चिखलात रुततो, नाव पुढे जाते आणि माणूस बांबूला लोंबकळत राहतो. मी पाहिलं आहे.

७. संग्रहालयं: फुकट, म्हणून सगळी नको

युनिव्हर्सिटीची बहुतेक संग्रहालयं विनामूल्य आहेत, आणि तिथेच घात होतो. फुकट म्हणून माणूस पाच ठिकाणी जातो आणि संध्याकाळी काही आठवत नाही. दोन निवडा.

सोबत मुलं असतील तर प्राणिशास्त्र संग्रहालय. दारातच २१ मीटर लांबीच्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. आत डोडोचा सांगाडा आणि डार्विनने गोळा केलेले नमुने. रस्ता ओलांडून पलीकडे सेजविक हे भूशास्त्राचं संग्रहालय, जुन्या लाकडी कपाटांचं. 'बीगल' जहाजाच्या सफरीत डार्विनने उचललेले दगड तिथे आहेत. त्याच आवारात मानववंशशास्त्राचं संग्रहालय. कॅप्टन कुकच्या लोकांनी १७७० साली ऑस्ट्रेलियातून उचललेले चार भाले इथे होते, ते २०२४ साली मूळ लोकांना परत दिले गेले. कपाटातली वस्तू इथवर आली कशी, हा प्रश्न मनात ठेवून ही दालनं बघा, वेगळी दिसतात.

चित्रांची आवड असेल तर फिट्झविलियम. १८१६ साली एका सरदाराने मृत्युपत्रात आपला संग्रह आणि पैसा युनिव्हर्सिटीला दिला, त्यातून हे झालं. जिन्याच्या दालनाचं छतच बघत राहावं असं. इजिप्तच्या शवपेट्या तळमजल्यावर, टिशियन आणि मोने वर. २००६ साली एक पाहुणा जिन्यावर बुटाच्या नाडीत अडखळला आणि तीन जुन्या चिनी फुलदाण्यांचा चुरा झाला. त्या जोडून घ्याव्या लागल्या. तेव्हा नाड्या बांधा. स्वच्छतागृह आणि बसायला बाकं इथे चांगली आहेत, ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांना याचं मोल कळेल. बाहेरच्या रस्त्याच्या कडेला वाहत्या पाण्याच्या दगडी पन्हळी दिसतील. सतराव्या शतकात गावात गोडं पाणी आणायला केलेल्या पाटाचा हा अवशेष.

माझ्या मनातलं संग्रहालय मात्र केटल्स यार्ड. चार जुनी छोटी घरं जोडून जिम ईड यांनी स्वतःसाठी केलेलं घर, १९६६ साली युनिव्हर्सिटीला दिलेलं. दारावरची घंटा वाजवायची, आत खुर्च्यांवर चक्क बसायचं. चित्रांखाली पाट्या नाहीत. एका पसरट ताटलीत रोज एक खरं लिंबू असतं, कारण समोरच्या मिरोच्या चित्रातल्या पिवळ्या ठिपक्याला ते साथ देतं. प्रवेश ठरल्या वेळेचा, आधी नोंदवलेला हवा. ज्यांना संग्रहालयाचा कंटाळा आहे अशांना मी इथे आणते.

८. संध्याकाळचं गायन

सत्र चालू असेल तर किंग्जमध्ये संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इव्हनसाँग असतं, म्हणजे गायलेली सायंप्रार्थना. याला तिकीट लागत नाही आणि धर्माची अटही नाही. त्या दिवसाची वेळ आणि रांगेची पद्धत संकेतस्थळावर बघून अर्धा तास आधी उभे राहा. सकाळी पैसे देऊन पाहिलेलं छत आता मेणबत्त्यांच्या उजेडात दिसतं आणि त्या दगडी झावळ्या कशासाठी होत्या ते कानांना कळतं. पंधरा-सोळा मुलगे आणि मागे तरुण गायक; शेवटचा सूर थांबल्यावरही वर कुठेतरी काही क्षण तरंगत राहतो.

लोक उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. फोन बंद, फोटो नाही, टाळ्या नाहीत. साधारण पाऊण-एक तासाने मोकळे व्हाल. बाहेर पडलात की स्टेशनची बस इमॅन्युएल स्ट्रीटवरून मिळते, किंग्ज परेडवरून नाही. पाहुणे हमखास तिथेच वाट बघत उभे राहतात.